‘थोडे अ‍ॅडजस्ट करा’ : मऊ शब्द कोणासाठी?

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळच्या वेळी नुसते कान देऊन उभे राहिले, तरी एकेका वाक्यात तीन-चार मुलुख भेटतात. ‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. ‘माल’, ‘हमाल’, ‘रक्कम’, ‘हिशोब’, ‘दलाल’ हे अरबी. ‘बाजार’ फारसी. ‘कांदा’ मात्र इथल्या मातीतला. १९४७ साली ही बाजार समिती स्थापन झाली, तेव्हाही ही सरमिसळ होतीच. गेल्या दोन-तीन पिढ्यांत तिच्यात इंग्रजीची भर पडली. आता ‘रेट डाऊन आहे’, ‘क्वालिटी नाही’, ‘लोडिंग चालू आहे’, ‘पेमेंट उद्या’ असे बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपण परकी भाषा बोलतो असे क्षणभरही वाटत नाही. आमच्यासारख्या घरांत तर याहून एक पायरी जास्त असते. घरात आई जे ‘प्याज’ म्हणून चिरते, तेच बाजारात ‘कांदा’ म्हणून विकले जाते आणि परदेशी निघाले की कागदावर ‘ओनियन’ होते. वस्तू एकच, नावे तीन. तिन्ही नावे आपलीच, याबद्दल आमच्या मनात कधी शंका आली नाही.

ही इंग्रजी लंडनची नव्हे. तिकडच्या माणसाला ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हणजे काय ते चटकन कळणार नाही. आपण ‘कझिन ब्रदर’ म्हणतो, ‘कॉलेज पास आउट’ म्हणतो, मीटिंग पुढे ढकलली की ‘पोस्टपोन’ आणि अलीकडे ओढली की ‘प्रीपोन’ म्हणतो. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा चलनी शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशातही सापडतो. त्याच प्रकाशनसंस्थेच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाची दहावी आवृत्ती २०२० साली आली. तिच्यात ‘आधार’, ‘डब्बा’, ‘हरताळ’, ‘शादी’ असे शब्द दाखल झाले. देवघेव दोन्ही बाजूंनी चाललेली आहे. ज्या गोणीत कांदा भरतात, तिच्यासाठी इंग्रजीत ‘गनी’ हा शब्द आहे. तो आपल्या ‘गोणी’वरूनच गेला. म्हणजे शब्दांच्या या बाजारात आपण केवळ गिऱ्हाईक नाही, मालही पुरवला आहे.

मग प्रश्न कोठे आहे? आपल्याकडे असा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणावर जाते. भाषा बिघडली, भेसळ झाली, शुद्ध मराठी उरली नाही. ही तक्रार नवी नाही. शिवछत्रपतींच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तो दरबारी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, तिच्यातून ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रूढ झाले. माधव जूलियन यांची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. ते फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, फारसी-मराठी कोश त्यांनी रचला. आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. या सर्वांच्या हेतूंची चिकित्सा करण्याची ही जागा नव्हे. शुद्धतेचा प्रश्न मात्र मुस्लिम मराठी माणसाच्या पचनी सहसा पडत नाही, एवढे आम्हांस सांगायचे आहे. जो घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी आणि कचेरीत इंग्रजी बोलत वाढला, त्याने यांतल्या कोणत्या शब्दाला परका म्हणायचे? भेसळ हा शब्द दुधाला लागू पडतो, भाषेला नाही.

म्हणून शब्द कोठून आला हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. तो शब्द आपण कोणत्या कामाला लावतो, हा प्रश्न आम्हांला त्याहून मोठा वाटतो. पहिला प्रश्न कोशकारांचा आहे, दुसरा नीतीचा.

चांगल्या बाजूपासून सुरुवात करू. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ या प्रश्नाला इंग्रजीचे शिक्षक हसतात. नाव ते नाव, त्यात चांगले-वाईट काय? पण हसणाऱ्याला त्यामागचा अदब दिसत नाही. ‘आपले शुभनाम?’ असे विचारणारा आणि ‘आपका इस्म-ए-शरीफ?’ असे विचारणारा, हे दोघे आपल्याकडे शेजारी राहतात. समोरच्या अनोळखी माणसाचे नाव थेट मागणे उद्धटपणाचे, म्हणून त्याच्या नावाला आधीच एक सलाम करून ठेवायचा, ही दोघांचीही रीत. इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा आपण ती रीत सोबत नेली, एवढेच. ‘कझिन ब्रदर’चेही तसेच. नुसते ‘कझिन’ म्हटले की चुलत, मावस, मामे, आते सगळे एका गाठोड्यात जातात. आणि तो भाऊ की बहीण तेही कळत नाही. आपल्या माणसाला ‘ब्रदर’ जोडल्याशिवाय चैन पडले नाही. इंग्रजीने जे नाते पातळ केले, ते त्याने पुन्हा घट्ट केले.

आणि ‘अ‍ॅडजस्ट’! मनमाडकडून येणारी गाडी लासलगाव स्टेशनात थांबते, माणसे चढतात, तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘थोडे अ‍ॅडजस्ट करा ना.’ तिघे सरकतात. चौथा अर्धामुर्धा टेकतो. जात विचारली जात नाही, नाव विचारले जात नाही. मूळ इंग्रजीत हे क्रियापद यंत्राचे स्क्रू पिळण्यासाठी किंवा चष्मा नाकावर नीट बसवण्यासाठी वापरतात. दुसऱ्याला बसता यावे म्हणून आपले अंग चोरून घेणे, हा अर्थ त्याला आपण दिला. आमच्या मते इंग्रजीला आपल्या गरीब, दाटीवाटीच्या देशाने दिलेली ही एक सुंदर भेट आहे.

अशा इंग्रजीला हसणारे कमी नाहीत. निस्सिम इझिकेल यांनी ‘व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश’ या नावाने काही कविता लिहिल्या. आपल्या लोकांच्या इंग्रजीची ढब त्यांत हुबेहूब उतरली आहे. इझिकेल बेने इस्राईल समाजातले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या एका लहानशा धार्मिक अल्पसंख्य समाजातले. त्यांच्या त्या कवितांत थट्टा किती आणि माया किती, यावर वाचकांचे एकमत होत नाही. आम्हांला त्यात दोन्ही दिसतात. मुलाखतीच्या खोलीतले हसू मात्र निराळे असते. तालुक्याच्या गावातून, मराठी किंवा उर्दू शाळेतून शिकून गेलेला मुलगा मुंबईत मुलाखतीला बसतो, ‘माय गुड नेम इज’ अशी सुरुवात करतो आणि समोरच्यांच्या ओठांवर बारीक स्मित उमटते. त्या स्मिताने मुलाच्या पोटात खड्डा पडतो. त्याला आम्ही सांगू इच्छितो की, बाळा, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्याकरण चुकणे हा गुन्हा नाही. लाज वाटायला हवी अशा गोष्टी अगदी बिनचूक इंग्रजीतही बोलल्या जातात.

शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, तेव्हा त्याचे काय होऊ शकते, याचा एक दाखला आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन ब्रिटिशांचा एक जाडजूड कोश प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या शब्दांचा तो कोश. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे कोणा दोन गृहस्थांचे नाव नव्हे. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या सोजिरांच्या कानांना असा ऐकू आला, आणि त्या तमाशाला ते ‘हॉब्सन-जॉब्सन’ म्हणू लागले. कोशकार विद्वान होते. शब्दाची मूळ कथा त्यांनी प्रामाणिकपणे दिली आहे. तो कोश आजही उपयोगी आहे, आम्हीही तो चाळतो. तरीही त्या मुखपृष्ठावर नजर गेली की मन थबकते. करबलाच्या शहिदांसाठी छाती पिटून घातलेली हाक, आणि तिचे झाले एक गमतीदार जोडनाव. ध्वनी पलीकडे पोचला, दुःख अलीकडेच राहिले.

यात सोजिरांना दोष देऊन सुटण्याजोगे काही नाही, कारण शब्द उसना घेताना त्यातली वेदना वगळण्याची ही क्रिया कोणत्याही समाजात घडते. आज आपल्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांतही ती घडते आहे. फरक एवढाच की, तेथे दुसऱ्याची वेदना नकळत गळून पडली. येथे पुष्कळदा ती जाणूनबुजून गाळली जाते, आणि त्या कामासाठी इंग्रजी शब्द सोयीचा पडतो.

ते कसे, हे पाहण्याआधी एक भेद स्पष्ट करायला हवा. प्रत्येक मऊ शब्द खोटा नसतो. कोणी गेले की ‘मेले’ असे आपण म्हणत नाही. मराठीत ‘वारले’, ‘देवाघरी गेले’. आपल्या घरांत ‘इंतिकाल झाला’, ‘अल्लाहला प्यारे झाले’. आणि आता सर्वांच्याच तोंडी ‘एक्सपायर झाले’. औषधाच्या बाटलीवरचा शब्द माणसाला लावला म्हणून कोणी नाक मुरडेल. पण सांगणाऱ्याच्या मनात औषधाची बाटली नसते. ज्याचा बाप गेला त्याच्या समोर कठोर शब्द उच्चारायला त्याची जीभ कचरते, म्हणून तो हा परका, थंड शब्द पुढे करतो. ही माया आहे. येथे शब्द मऊ केला तो ज्याला लागले आहे त्याच्यासाठी.

आता दुसऱ्या प्रकारचे शब्द पाहा. घर भाड्याने हवे असते. फोनवर सगळे जमते. मग ‘गुड नेम?’ असा प्रश्न येतो. नाव सांगितले की क्षणभर शांतता. ‘अरे, पण तुम्ही मराठी किती छान बोलता!’ शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत ज्यांनी मराठीत आयुष्य ओतले, त्यांच्या वारसांना हे प्रशस्तिपत्रक अजून मिळतच असते. नंतर येते, ‘अ‍ॅक्च्युअली, सोसायटीचा रूल आहे. ओन्ली व्हेज. प्लीज, डोन्ट माइंड.’ या संपूर्ण संभाषणात कोणी कोणाला वाईट बोललेले नाही. ‘प्लीज’ आहे, ‘डोन्ट माइंड’ आहे. ‘तुम्ही मुसलमान आहात म्हणून घर देत नाही’, हे वाक्य कोणाच्याच तोंडून निघाले नाही. मात्र त्या वाक्याचे काम झाले आहे. त्याच मराठी माणसाला हे मराठीत सांगायला लावले, तर त्याची जीभ अडेल असा आमचा विश्वास आहे, कारण तो मुळात वाईट माणूस नाही. इंग्रजीने त्याची ती अडचण दूर केली. येथे शब्द मऊ झाला तो मारणाऱ्यासाठी. ज्याला लागले, त्याला ते तेवढेच लागले.

‘व्हेज’ आणि ‘नॉन-व्हेज’ ही जोडीही अशीच पाहण्यासारखी आहे. जगातली बहुसंख्य माणसे जे खातात, आपल्या देशातही असंख्य घरांत जे शिजते, त्याला आपण स्वतंत्र नावसुद्धा ठेवले नाही. ‘व्हेज’च्या आधी नकार जोडला की झाले. वर ‘प्युअर व्हेज’ची पाटी. मांस न खाणाऱ्याच्या व्रताचा आम्हांला आदर आहे. त्याच्या ताटाशी कोणी खेळू नये. पण एकाचे ताट ‘प्युअर’ ठरले की शेजारच्याचे आपोआप काय ठरते, हे पाटी रंगवणाऱ्याने बोलायची गरज उरत नाही. पाटी गप्प राहून बोलते.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपल्या इंग्रजीने एक शब्दच घडवला, तो म्हणजे ‘ईव्ह-टीझिंग’. मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेश या मुलुखांत तो चालतो. ‘ईव्ह’ म्हणजे आपली हव्वा, साऱ्या माणसांची आई. ‘टीझिंग’ म्हणजे थट्टा, चिडवणे. रस्त्यात, बसमध्ये, कॉलेजच्या फाटकाशी मुलीच्या अंगाला हात लावणे, तिचा पाठलाग करणे, तिला घराबाहेर पडणे मुश्कील करणे, या सर्वांवर आपण ‘हव्वेची थट्टा’ असे लेबल लावले. १९९८ साली तमिळनाडूने केलेल्या कायद्याच्या नावातही हाच शब्द होता. स्त्री-चळवळीने वर्षानुवर्षे सांगितले की ही थट्टा नव्हे, हिंसा आहे. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ‘लैंगिक छळ’ आणि ‘पाठलाग’ असे वेगवेगळे गुन्हे नाव घेऊन लिहिले गेले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहेत. गुन्ह्याला त्याचे खरे नाव मिळाले, त्यानंतर त्याची दाद मागणे थोडे सोपे झाले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मात्र तो जुना शब्द अजून डोकावतो.

आणखी एक शब्द ‘एन्काउंटर’. मूळ अर्थ गाठ पडणे, आमनेसामने येणे. आपल्याकडे त्याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक आहे, ‘त्याचा एन्काउंटर केला’. क्रियापद पाहा. गाठ पडते, ती कोणी करत नाही. आपण ती ‘करतो’, म्हणजे ती काय असते हे आपल्याला पुरते कळलेले आहे. मुंबईतील १९९० च्या दशकातल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास व्हावा, असे त्यांत आहे. मरणारा खरोखर गुन्हेगार असेलही. ते ठरवण्यासाठीच न्यायालये आहेत. आमचा मुद्दा शब्दापुरता आहे. ‘चौकशीविना ठार मारले’ हे वाक्य चहाच्या टपरीवर टाळ्या घेणार नाही. ‘एन्काउंटर केला’ हे घेते.

आता कोणी म्हणेल, तुम्ही निवडून मोठे, भयंकर शब्द आणलेत. मग पुन्हा बाजारात येऊ. लिलावात बोली होते, भाव ठरतो. माल खळ्यावर खाली करताना एखादा व्यापारी वांधा काढतो, आतला माल नमुन्यासारखा नाही म्हणतो आणि भाव तोडतो. शेतकरी हातघाईवर येतो तेव्हा म्हणतो, ‘जाऊ द्या काका, थोडे अ‍ॅडजस्ट करून घ्या.’ कोणत्याही बाजारात हे घडू शकते. बाकावरचा शब्द तोच. पण बाकावर तिघे बसलेले सरकले होते. येथे उभ्या असलेल्याला आणखी मागे सरकायला सांगितले जाते. गाडीभाडे भरून आलेला, पुन्हा माल भरून परत जाणे परवडत नसलेला माणूस ‘अ‍ॅडजस्ट’ करतो. यात व्याकरणाची चूक नाही, दिशेची आहे.

सरकारी इंग्रजीला तर हे तंत्र फार पूर्वीपासून साधले आहे. ‘प्लीज डू द नीडफुल’. आवश्यक ते करावे. कोणी करावे? कधीपर्यंत? काय आवश्यक? काहीच म्हटलेले नाही. ‘भाव स्थिर ठेवण्यासाठी’ निर्णय होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, किमान निर्यातमूल्याची आणि शुल्काची अट लावून. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. शहरातल्या गरिबाला कांदा परवडावा ही चिंता खरी आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण ‘प्राइस स्टॅबिलायझेशन’ या गुळगुळीत जोडशब्दात कोणाचा भाव स्थिर झाला आणि कोणाचे घर डगमगले, हे दिसत नाही. ज्याने चाळीत कांदा साठवून ठेवला होता, त्याला ते दिसले. त्याला विचारले तर तो एवढेच म्हणतो, ‘जरा टेन्शन आहे.’

हा ‘टेन्शन’ शब्दही विचार करण्यासारखा आहे. काळजी, घोर, धास्ती, फिकीर, विवंचना, जिवाला लागलेली टोचणी, असे किती तरी वेगवेगळे शब्द आपल्याजवळ होते. मुलाच्या परीक्षेचे ‘टेन्शन’, मॅचचे ‘टेन्शन’ आणि फिटत नसलेल्या कर्जाचेही ‘टेन्शन’. ऐकणारा लगेच म्हणतो, ‘टेन्शन नक्को लेव भाई.’ त्याच्याही मनात वाईट नसते. पण कर्जदाराने ‘जीव द्यावासा वाटतो’ असे म्हटले असते, तर ऐकणारा खाली बसला असता, पाणी दिले असते, रात्री घरी सोबत गेला असता. शब्दाने दुःख इतके लहान करून टाकले की सोबतीची गरजच भासली नाही. येथे ज्याचे दुःख आहे त्यानेच तो शब्द निवडला, हे खरे. म्हणून जबाबदारी ऐकणाऱ्यावर जास्त येते. ‘टेन्शन’ ऐकले की थांबून विचारावे, कसले? किती दिवसांपासून? एवढा एक प्रश्न पुष्कळ आहे.

हे सारे दुसऱ्यांच्या दारापुढचे झाले. आपल्या घरांतही डोकावले पाहिजे, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. आपल्या मुलींच्या ‘बायोडेटा’त काय लिहिलेले असते? ‘होमली’, ‘अ‍ॅडजस्टिंग नेचर’. तिने किती सरकायचे, कोणासाठी, आणि तिच्यासाठी कोण सरकणार, याचा उल्लेख नसतो. मुलाकडचे म्हणतात, ‘डिमांड काहीच नाही.’ मग ‘गिफ्ट’ची यादी येते. हुंडा म्हटले की कायदाही आठवतो आणि शरियतही आठवते. तेथे तर मेहर नवऱ्याने द्यायचा असतो. ‘गिफ्ट’ म्हटले की दोन्ही विसरता येतात. सोयरीक जुळवताना ‘फॅमिली बॅकग्राउंड’ पाहिले जाते. त्याचा खरा अर्थ बिरादरी. इस्लाममध्ये जात नाही असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि ते सांगणे खोटे पडू नये म्हणून घरात इंग्रजी शब्द ठेवतो. मुस्लिम ओबीसींची चळवळ याच महाराष्ट्रात उभी राहिली, तिने या पडद्यामागचे नाव घेऊन दाखवले. मुलगी मार खाऊन माहेरी आली की ‘घरचा मॅटर आहे, सेटल करू.’ आणि पुन्हा तोच शब्द, ‘बेटा, थोडा अ‍ॅडजस्ट कर ले.’ लाडाने म्हटलेला, डोक्यावरून हात फिरवत म्हटलेला. आमच्या मते या शब्दाचा सर्वांत क्रूर वापर हाच, कारण येथे तो प्रेमाच्या आवाजात येतो.

एक आक्षेप आम्हांला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. प्रत्येक गोष्ट उघड्या शब्दांत बोलली तर समाजात राहणे कठीण होईल. दंगलीच्या दिवसांत वर्तमानपत्रे समाजाचे नाव न घेता ‘दोन गटांत’ असे छापतात, ते योग्यच आहे. नावे छापली तर दुसऱ्या गावात घरे पेटतील. हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आणि यामुळेच आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे शब्द झाकला जातो तो ज्यांची घरे पेटू शकतात त्यांच्यासाठी. म्हणजे प्रश्न झाकण्या-न झाकण्याचा नाही. झाकण कोणाच्या रक्षणासाठी आहे, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप असा की हे दोष इंग्रजीचे कसे? मराठीत आणि उर्दूतही असे शब्द कमी आहेत का? कमी नाहीत. पण आपल्या भाषेतल्या शब्दाला आईचा आवाज चिकटलेला असतो. ‘हुंडा’, ‘मार’, ‘जात’, ‘हाकलून दिले’ हे शब्द लहानपणी ऐकताना कोणाचा तरी चेहरा उतरलेला आपण पाहिलेला असतो. उच्चारले की तो चेहरा समोर येतो. ‘गिफ्ट’, ‘मॅटर’, ‘बॅकग्राउंड’, ‘रूल’ या शब्दांमागे आपल्या आठवणीत कोणाचा चेहरा नाही. म्हणून ते हलके आहेत, म्हणून ते जिभेवर चटकन येतात. इंग्रजीचा यात गुन्हा नाही. ज्यांची ती आईची भाषा आहे, त्यांना तिच्यातही चेहरे दिसत असणार.

यावरून आम्हांला एक साधी परीक्षा सुचते. एखादा इंग्रजी शब्द ओठांवर आला, आणि त्याने दुसऱ्या कोणाचे काही जाणार असेल, त्याचे घर, त्याचा भाव, तिची अब्रू, कोणाचा जीव, तर तेच वाक्य मनातल्या मनात आईच्या भाषेत म्हणून पाहावे. मराठी, दखनी, जी असेल ती. म्हणता आले, तर इंग्रजीतही खुशाल म्हणावे. म्हणता आले नाही, लाज वाटली, तर ती लाज खरी आहे आणि शब्द खोटा आहे. मग शब्द बदलून भागणार नाही, करणी बदलावी लागेल.

आपली इंग्रजी सुधारावी, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ‘गुड नेम’ विचारत राहावे, आणि नाव ऐकल्यावरही तो ‘गुड’ तेवढाच टिकवावा. ‘कझिन ब्रदर’ला ब्रदरच ठेवावे. आणि ‘अ‍ॅडजस्ट करा’ हे जरूर म्हणावे, मात्र बाकावर बसलेल्यांना म्हणावे. उभ्या असलेल्याला सरकायला आणखी जागा कोठे असते?